हसनाबादहून न पोचलेलं चित्र

जालना जिल्ह्यात मी हिंडायला गेले नव्हते, कामासाठी गेले होते, आणि तेही दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून. एप्रिल महिना होता. पुण्याच्या ऑफिसात एसीखाली बसलेल्या सगळ्यांना अचानक घरची कामं निघाली. मग साहेब माझ्याकडे बघून म्हणाले की तुमचा अनुभव मोठा आहे. अनुभव वाढला की नाही म्हणायचाही कंटाळा येतो, हे त्यांना माहीत असावं.

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. व्हिडिओ कॉलमध्ये समोरच्याचं चित्र दरवेळी अख्खं येत नाही. ते इतकं मोठं असतं की सारखं अख्खं पाठवणं झेपत नाही. म्हणून फोन एकदा पूर्ण चित्र पाठवतो आणि नंतर फक्त बदल कळवत राहतो: डोकं जरा डावीकडे सरकलं, हात वर गेला, मागची भिंत होती तशीच आहे. ह्या निरोपांतले काही वाटेत हरवतात. रेंज नसली की जास्तच. खरं तर पाहणाऱ्याच्या पडद्यावर तेवढी भोकं पडायला हवीत. ती फारशी दिसत नाहीत, कारण त्याच्या फोनमधला एक प्रोग्राम ती घाईघाईनं बुजवतो. आजूबाजूचा रंग घेतो, मघाचं चित्र घेतो, मघाशी जे जिकडे सरकत होतं ते तिकडेच अजून थोडं ढकलतो. बहुतेक वेळा पुढचा निरोप येईपर्यंत निभावून जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. असे बुजवणारे प्रोग्राम लिहिणं ही माझी नोकरी. काम चांगलं झालं की कुणाला दिसत नाही, त्यामुळे कौतुकाचा प्रश्न येत नाही.

हे प्रोग्राम ऑफिसच्या वायफायवर उत्तम चालायचे आणि खेड्यांतून तक्रारी यायच्या. तेव्हा कुणीतरी तिकडे जावं, तिथल्या रेंजमध्ये तिथल्या माणसांचे कॉल लावावेत आणि तुटलेले व्हिडिओ गोळा करून आणावेत, असं ठरलं.

जुना जालना

स्टेशनजवळच्या लॉजवर कूलर होता. तो वारा कमी आणि पाणी जास्त फेकायचा. सकाळी उठले तेव्हा अंग आंबलेलं होतं आणि उशी ओली. खाली गाडी येऊन उभी होती. गाडीचे मालक आणि चालक दोन्ही रफिकभाई, पिकलेल्या दाढीचे, जुन्या जालन्यातच वाढलेले. काम काय आहे ते त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की फोन तुटतो ते बघायला एवढ्या लांब कशाला आलात, पुण्यात तुटत नाही का. पुण्यात कमी तुटतो, असं मी म्हणाले. त्यावर त्यांनी मान हलवली, जणू मी मोसंबीचा भाव सांगितला होता.

तो दिवस गल्ल्यांत गेला. एका हातात फोन उंच धरायचा, पुण्यातल्या सहकाऱ्याला कॉल लावायचा आणि चालत राहायचं. तिकडे पोचलेलं चित्र तो साठवून ठेवणार. धान्याची ठोक दुकानं, कापडाची दुकानं, मधून जेमतेम एक रिक्षा जाईल एवढी वाट आणि त्या वाटेवर दोन रिक्षा समोरासमोर. चॅनलवाल्या का, असं दोघांनी विचारलं. एका दुचाकीला जागा द्यायला मी बाजूला सरले तर फोन हातातून निसटला आणि उघड्या पोत्यातल्या हरभऱ्यात गेला. दुकानदारानं कोपरापर्यंत हात घालून तो काढला, बनियनला पुसला आणि माझ्या हातात देत म्हणाला की माल नवा आहे, वाळलेला आहे, फोनला काही होणार नाही. पुण्यातल्या सहकाऱ्याला मात्र काही कळलंच नव्हतं. फोन पोत्यात असताना निरोप गेले नव्हते आणि आमच्या प्रोग्रामनं त्याला मघाचीच गल्ली दाखवत ठेवली होती. आम्ही दोघं फोनवर पुष्कळ हसलो.

दुपारी रफिकभाईंनी विचारलंच नाही, सरळ घरी नेलं. त्यांच्या बेगमनं खिचडी आणि खट्टा वाढला. चिंचेचं ते आंबट, तिळाचं पाणी खिचडीवर ओतून खायचं, आणि उन्हातून आलेल्या माणसाला त्याच्यासारखं काही नाही. पुण्यात मी गाडीवाल्याचं पूर्ण नावही विचारत नाही. जेवताना त्यांच्या मुलीचा हैदराबादहून व्हिडिओ कॉल आला. फोन आधी बेगमकडे, मग जावेकडे, मग स्वयंपाकघरात, मग माळ्यावर टाकलेला नवा पत्रा बघायला वर, आणि शेवटी माझ्या ताटावर आला. पुण्यात आम्ही फोन पुस्तकाला टेकवून एका जागी बसून बोलतो. इथे फोन घरभर फिरतो. सगळंच चित्र सारखं हलत असलं की निरोप वाढतात, हरवतातही जास्त. आमच्या तक्रारींचं अर्धं कारण मला त्या जेवणात कळलं, पण मला इतकी झोप आली होती की लिहून ठेवायचं राहिलं.

राजूर

दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडे नांगरून टाकलेली काळी रानं, बांधावर उपटलेल्या कापसाच्या पऱ्हाटीचे ढीग, मधेच मोसंबीची एखादी बाग, तिचीही पानं मिटलेली. रफिकभाई म्हणाले, राजूरला थांबू, गणपतीला गर्दी असते, तुमचा फोन तिथे बराबर तुटेल.

चतुर्थी नव्हती तरी गर्दी होती. टेकडीवरच्या देवळात जायची माझ्यात ताकद नव्हती. मी खाली रसवंतीत बसले. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारी बाई होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या, म्हणून सून फोन घेऊन वर गेली होती आणि तिथून त्यांना दर्शन दाखवणार होती. आमचा प्रोग्राम लावू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, लावा, देव दिसला म्हंजे झालं.

कॉल आला. माणसांची डोकी, एक खांब, आरतीची ज्योत. ती ज्योत लांबत लांबत मेणासारखी खाली ओघळली, तेव्हाच मला कळलं की निरोप हरवायला लागलेत. मग शेंदरी रंग आला आणि तिथेच चित्र थांबलं. घंटेचा आवाज मात्र चालू होता. त्या शेंदरी रंगाचा बराचसा भाग वरून आलेलाच नव्हता, आजूबाजूला शेंदूर दिसला म्हणून प्रोग्रामनं शेंदूर पसरला होता. आजींनी फोन कपाळाला लावला आणि मला विचारलं, तुम्हाला दिसला का. मी हो म्हणाले.

थोड्या वेळानं सून घाम पुसत खाली आली. तिला वाईट वाटत होतं. गर्दीत तिचा हात वर झालाच नाही, फोन कुणाच्या तरी पाठीला लागून राहिला आणि देव त्यात आलाच नाही, असं ती सांगत होती. तो शेंदूर कुणाच्या फेट्याचा होता की कमानीचा, कोण जाणे. आजी म्हणाल्या की मला दिसला, आणि ह्या बाईलाही दिसला. सून माझ्याकडे बघायला लागली. मी उसाच्या रसाचा ग्लास उचलला. गाडीत रफिकभाई म्हणाले, त्यांना दिसलं ना, मंग बस. मलाही तसंच वाटलं. कामाबद्दल बरं वाटण्याचा तो त्या प्रवासातला एकच प्रसंग.

हसनाबाद

हसनाबादला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तिथे शालिनीताईंनी सोय केली होती. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या मावसबहीण. ओसरीतच जयभीम म्हणून त्यांनी माठातलं पाणी दिलं. आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली हार घातलेली एक नवी तसबीर. ते त्यांचे वडील, आबा. वीजमंडळात लाइनमन होते. मागच्या पावसाळ्याच्या शेवटी गेले.

शेजारच्या बायका जमल्या. कुणाचा मुलगा चाकणला, कुणाची लेक नाशिकला. एकेकीनं कॉल लावला, बोलली, फोन घरभर नेऊन आणला. मला हवे तसे तुटलेले व्हिडिओ मिळाले. मागच्या दारी शालिनीताईंची आई भाकरी करत होत्या. येसरची आमटी, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन मी भिंतीला टेकले आणि आता निघावं असा विचार करत होते. बायका गेल्या, रफिकभाई गाडीत आडवे झाले, आणि शालिनीताई माझ्यासमोर येऊन बसल्या.

त्यांनी विचारलं की तुमचं काम हेच आहे तर एक व्हिडिओ बघाल का. आवाज खाली आणून त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद आखातात आहे. उंच टॉवर उभारायच्या कामावर. आबांना त्याचं जाणं पसंत नव्हतं, आणि तो थोडा भांडूनच गेला. नंतर बोलणं सुरू झालं, पण जेवढ्यास तेवढं. आबा अंथरुणाला खिळले तेव्हा तो रोज दुपारी कॉल करायचा आणि आपल्या फोनवर तो साठवून ठेवायचा. एका कॉलमध्ये त्यानं विचारलं, आबा, मी येऊ का? त्यावर आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. कॉल तुटला. त्यानंतर आबा गेलेच. मिलिंद मातीला आला नाही, पुण्यानुमोदनाला आला नाही. सुट्टी मिळत नाही, असं घरी सांगत राहिला. आई रडली, मग तिनंही विचारायचं सोडलं. आणि आता कुठे, काही दिवसांपूर्वी, त्यानं बहिणीला खरं सांगून तो व्हिडिओ पाठवला होता. तूच बघ, म्हणाला, त्यांना मी नको होतो.

"मी बघितला," शालिनीताई म्हणाल्या. "मलाही तसंच दिसलं. आईला दाखवला न्हाई."

मी फोन हातात घेतला. उशीवर टेकलेला एक वाळलेला चेहरा, नाकात नळी, मागे हिरवी भिंत. मिलिंदचा आवाज: आबा, मी येऊ का? चेहरा किंचित सरकला, आणि मग सावकाश, न थांबता, भिंतीकडे वळत गेला. मग पडदा काळा.

मी पुन्हा लावला. उशीच्या अभ्र्यावर निळी फुलं होती. चेहरा भिंतीकडे जात होता तसतशी ती फुलंही गालाला चिकटल्यासारखी त्याच्याबरोबर चालली होती. कानाजवळ हिरव्या भिंतीचा एक चौकोन तुटून गालावर आला होता. डोळा मिटला नव्हता, उघडलाही नव्हता, नुसता लांबला होता. असे चेहरे मी नोकरीत इतके पाहिलेत की पहिल्यांदाच ओळखायला हवं होतं. पण मीही आधी वडील पाहिले, मग चौकोन पाहिले.

"हे आबा वळलेले नाहीत," मी म्हणाले. "हे फोननं वळवलंय."

त्यांना कळेना. मी तसबिरीखालची चटई ओढून त्यांना जवळ बसवलं आणि फुलं दाखवली. निरोप कसे येतात, कसे हरवतात, हे सांगितलं. प्रश्नानंतर लगेचच रेंज गेली असणार. चेहरा किंचित सरकल्याचा शेवटचा निरोप तेवढा पोचला, आणि पुढचं काहीच येईना म्हणून मिलिंदच्या फोननं ते सरकणंच पुढे रेटलं. माणूस वळल्यासारखं दिसलं. त्यांनी तो तुकडा कितीतरी वेळा पाहिला. फुलांवर बोट ठेवून पाहिला.

"मंग आबांनी खरं काय केलं?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. ते चित्र तिकडे पोचलंच नाही, आणि ह्या बाजूच्या फोननं काही साठवलेलं नव्हतं.

 मग म्हणाल्या, तुम्हाला हे नीट करता येत असेल ना. आबांचा चेहरा सरळ करून द्या. मी मिलिंदला सांगते की मॅडमनी दुरुस्त केल्यावर खरं असं निघालं. एवढं केलं तरी माझा भाऊ घरी येईल.

करता आलं असतं. हल्ली ते अवघडही राहिलेलं नाही. मिलिंदचे जुने कॉल होतेच, त्यांतून आबांचा चेहरा घेऊन हो म्हणणारे आबाही करता आले असते. मी दमले होते, पाठ दुखत होती, आणि त्या बाईचं तोंड बघवत नव्हतं. पण तेही फोननं केलं तसंच झालं असतं, फक्त आपल्याला आवडेल असं. मी नाही म्हणाले. त्यांना राग आला. तो त्यांनी दाखवला नाही, नुसता फोन माझ्या हातातून काढून घेतला.

आई दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसत त्यांनी विचारलं की मिलिंदचं नाव कशाला निघालं. शालिनीताई काही नाही म्हणाल्या. मीच विचारलं की आबांच्या आजारात मिलिंदचा शेवटचा कॉल आला त्या दुपारी फोन कुणी धरला होता.

"म्या," त्या म्हणाल्या. "शाली शाळेत गेल्ती. दुसरं कोन व्हतं घरी?"

आता दडवण्यात अर्थ नव्हता. शालिनीताईंनी व्हिडिओ लावून आईच्या हातात दिला. म्हातारीनं नवऱ्याला पाहिलं. चेहरा वळला, पडदा काळा झाला. तिनं फोन खाली ठेवला आणि लेकीकडे पाहिलं, जणू काहीतरी खोटं सांगितलं जातंय.

"असं झालंच न्हाई," ती म्हणाली. "माझा हात भरून आल्ता. म्या फोन ह्या हातातून त्या हातात घेतला. त्यायनी मान हलवलीच न्हाई. मान हलवायची ताकद कुठं व्हती त्यायला?"

म्हणजे सरकला होता तो फोन. मी डोकं सरकलं असेल असं धरून चालले होते, तेही चूक होतं.

मग बाकीचं तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. मिलिंद काय बोलला ते त्यांना ऐकूच आलं नाही. काय म्हणतोय, असं त्यांनी तिला विचारलं. तोवर फोन बंद पडला होता. ते म्हणाले, पुन्हा लाव. तिनं लावून पाहिला, लागेना. आणि त्याला विचार म्हणाले, वर चढताना कमरेला पट्टा लावतो का. आयुष्यभर खांबावर चढलेला माणूस, दुसरं काय विचारणार. ती फोन घेऊन गच्चीवर गेली, तिथेही रेंज नव्हती. खाली आली तर त्यांचा डोळा लागला होता. दुसऱ्या दिवसापासून ते बोलण्यासारखे राहिले नाहीत.

शालिनीताईंनी विचारलं, आई, हे तू आजवर सांगितलं का न्हाईस.

"कुनी इचारलं? फोन तर रोजच तुटून राह्यला."

संध्याकाळी मिलिंदची ड्युटी सुटली तेव्हा शालिनीताईंनी त्याला फोन लावला. व्हिडिओ नको, साधाच लावा, असं मीच म्हणाले. त्यांनी ओळख करून दिली आणि मी त्याला फुलांपासून सगळं सांगितलं.  पलीकडे गाड्यांचे आवाज येत होते. शेवटी त्यानं विचारलं की हे असं चित्र तुम्ही लोक बनवता का. तुझ्या फोनमधलं माझं नाही, पण माझ्यासारख्याच कुणीतरी बनवलेलं, असं मी खरं ते सांगितलं.

"मंग रिकामं सोडायचं होतं ना," तो म्हणाला. "काळं सोडायचं. मी पुन्हा लावला असता."

 त्यानं तो व्हिडिओ पाहिला, म्हणून परत फोन केलाच नव्हता. त्या दिवशीही नाही आणि नंतर आबा जाईपर्यंतही नाही.

आईनं फोन घेतला. तिला समजावण्याची गरज वाटली नाही. बापानं दिलेला निरोप पोचवायचा राहिला होता, तेवढा तिनं पोचवला: पट्टा लावतो का इचारलंय तुला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, पुन्हा तुटला.

"लावतो," तो म्हणाला. "आई, लावतो, रोज लावतो."

शालिनीताई उठून मागच्या दारी गेल्या. मी चपला घातल्या. निघताना आईनं पिशवीत मोसंबी भरून दिली आणि पुन्हा या म्हणाली. शालिनीताई गाडीपर्यंत आल्या, हात हातात घेतला. रफिकभाईंनी जालन्यापर्यंत गाडी कुठे थांबवली नाही. त्यांनी गाडीतून किती ऐकलं होतं ते मी विचारलं नाही.

पुणे

ऑफिसात मी व्हिडिओ दिले आणि एक गोष्ट मांडली. थोडंफार हरवलं तर बुजवावं, पण चेहराच हरवला तर चित्र काळं करावं आणि आलं नाही असं लिहावं. सगळ्यांनी ऐकलं. साहेब म्हणाले की काळा पडदा दिसला की लोक ॲप काढून टाकतात. तेही खरंच आहे. विषय पुढच्या मीटिंगवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या. मी अजून दर वेळी मांडते. हल्ली मी तोंड उघडायच्या आत एखादा म्हणतो, हसनाबाद.

पावसाळ्यात शालिनीताईंचा फोन आला. मिलिंद सुट्टीवर आला आहे. व्हिडिओबद्दल तो कुणाशी बोलत नाही. आबांची खाट होती त्या जागी बसतो आणि आईला ती दुपार सांगायला लावतो. तू कुठे उभी होतीस, फोन कोणत्या हातात होता, खिडकी उघडी होती का, लाव पुन्हा म्हणाले तेव्हा तुझ्याकडे बघत होते की फोनकडे. आई सांगते. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. सांगता सांगता तिला डुलकी लागते, असं शालिनीताई म्हणाल्या. मग तो तिच्या अंगावर पांघरूण घालतो आणि ती जागी होईपर्यंत तिथेच बसून राहतो.